गाठ काढल्यानंतरचा पहिला तास : महाराष्ट्रातील शल्यचिकित्सकांना खुले पत्र

सन्माननीय शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर सांभाळणारी सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी मंडळी,

स. न. वि. वि.

स्तनातली गाठ रुग्णाच्या शरीरापासून वेगळी होऊन ट्रेमध्ये येते, तिथून पुढच्या तासाभराबद्दल हे पत्र आहे. त्या वेळी तुम्ही जखम शिवत असता, भूलतज्ज्ञ रुग्णाला शुद्धीवर आणत असतात, दाराबाहेर नातेवाईक ताटकळत असतात. गाठ ट्रॉलीवर पडून असते. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, पण तिच्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. ऑक्सिजन संपतो, आम्लता वाढते, पेशींमधली विकरे (एन्झाइम) सुटी होतात आणि आजूबाजूच्या प्रथिनांचे तुकडे पाडू लागतात. पुढे त्या बाईला कोणते औषध द्यायचे हे ज्या प्रथिनांवरून ठरणार असते, त्यांचीही त्यात झीज होते. आम्ही नंतर कितीही महागडी अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) वापरली, तरी जे उरलेच नाही ते आम्हाला रंगवता येत नाही.

मी जिल्ह्याच्या गावी हिस्टोपॅथॉलॉजीचे, म्हणजे ऊतीचे (शरीरातून काढलेल्या तुकड्यांचे) काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान देण्याचे, रिपोर्टिंग करते. आसपासच्या तालुक्यांमधून आमच्याकडे बाटल्या येतात. काही कुरिअरने, काही एसटीच्या पार्सलने, काही रुग्णाच्या मुलाच्या पिशवीतून. बऱ्याच नीट भरलेल्या असतात आणि त्या पाठवणाऱ्यांची मी मनापासून ऋणी आहे. पण सलाइनमध्ये दोन दिवस भिजलेले पीस येतात, स्पिरिटमध्ये आकसलेले येतात, हातमोज्यात गुंडाळलेले कोरडेही येतात. संपूर्ण स्तन एखाद्या छोट्या बरणीत कोंबलेला असतो आणि फॉर्मॅलिन (ऊती टिकवण्याचे द्रावण) त्याच्या भोवती फिरायलाही जागा नसते. अरुंद तोंडाच्या बाटलीत गाठ घालताना ती मऊ असते, आमच्याकडे पोहोचेपर्यंत ताठ होते, आणि मग ती बाहेर काढण्यासाठी बाटली कापावी लागते. यात कुणाचा हलगर्जीपणा आहे असे मी म्हणत नाही. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आपण सगळे स्लाइड ओळखायला शिकलो. ती स्लाइड चांगली बनावी म्हणून ओटीत काय करायचे असते, हे आपल्याला फारसे कुणी शिकवले नाही.

फॉर्मॅलिनची गोष्ट १८९३ सालची आहे. फर्डिनांड ब्लुम हा जर्मन डॉक्टर फॉर्मल्डिहाइड जंतुनाशक म्हणून कसे चालते ते तपासत होता. त्या द्रावणात हात घालून घालून त्याच्या बोटांची कातडी टणक झाली, आणि त्यावरून त्याला ऊती टिकवण्याची कल्पना सुचली. फॉर्मल्डिहाइडचे रेणू प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. त्यामुळे विकरे थांबतात, कुजणे थांबते आणि पेशी जशी होती तशी जागच्या जागी पकडली जाते. पण ही क्रिया सावकाश चालते. फॉर्मॅलिन ऊतीत साधारण तासाला १ मिलिमीटर या वेगाने शिरते, जसजसे खोल जाते तसतसा हा वेग आणखी मंदावतो, आणि नुसते शिरणे पुरेसे नसते, पूल बांधायला त्यानंतरही काही तास लागतात. अख्खी कैरी मिठात टाकली की सालीखाली मीठ लागते आणि कोयीजवळचा भाग तसाच राहतो. न कापलेल्या स्तनाचे अगदी तेच होते. त्यात स्तनाची चरबी ओलांडून फॉर्मॅलिनला आत जायचे असते. दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रॉसिंगला, म्हणजे पीस कापून तपासायला, सुरी लावतो तेव्हा बाहेरचा थर पांढरट आणि घट्ट असतो, आणि मधोमध, जिथे गाठ आहे नेमका तिथे, मऊ, लालसर, सडू लागलेला गाभा असतो.

साध्या एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या) रंगावर असा गाभा कधी कधी निभावून जातो. पेशींच्या कडा धूसर दिसतात, केंद्रके पुसट होतात, तरी कर्करोग आहे एवढे सांगता येते. तीस वर्षांपूर्वी बहुतेक वेळा तेवढे सांगणे पुरत असे. आता पुरत नाही. आज स्तनाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णासाठी ऑन्कोलॉजिस्ट तीन उत्तरे मागतात : इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर-टू. पहिली दोन म्हणजे पेशीतली संप्रेरके पकडणारी प्रथिने, तिसरे पेशीची वाढ चालवणारे प्रथिन. ही उत्तरे आयएचसीने, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने मिळतात. पेशीतल्या एकाच ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी काचेवरच्या पातळ कापावर घालायची, ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटवायचा, आणि किती पेशींमध्ये तो उमटला हे मोजायचे.

या विद्येला दोनशे वर्षांची परंपरा आहे. फ्रान्समध्ये रास्पाईने वनस्पतींच्या ऊतीवर आयोडीन टाकून पिष्ट कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १८६७ साली पर्ल्सने प्रशियन ब्लू वापरून ऊतीतले लोह निळ्या रंगात दाखवले. यकृताच्या बायोप्सीवर ती चाचणी आम्ही आजही करतो. १९३९ मध्ये गोमोरी आणि ताकामात्सु यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे विकराचे काम ऊतीतच, त्याच्या मूळ जागी दाखवायची पद्धत शोधली. १९४१ मध्ये कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला, १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवली, आणि १९९१ मध्ये फॉर्मॅलिनने झाकली गेलेली प्रथिने उष्णता देऊन पुन्हा उघडी करण्याची युक्ती सापडली. त्या शेवटच्या युक्तीमुळेच तुमच्या बाटलीतून आलेल्या, मेणात बसवलेल्या पीसवर ही चाचणी रोजच्या रोज करता येते. या युक्तीने झाकलेली प्रथिने उघडतात. ट्रॉलीवर पडून नष्ट झालेली प्रथिने कुठल्याच युक्तीने परत येत नाहीत.

नियम काटेकोर आहेत. अमेरिकेतल्या ऑन्कोलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संस्थांनी मिळून केलेली मार्गदर्शक तत्त्वे आपणही पाळतो. गाठ काढल्यापासून तासाभराच्या आत ती कापून १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी, आणि त्यात किमान ६ तास व जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवी. इस्ट्रोजेन रिसेप्टर १ टक्का पेशींत जरी दिसला तरी निकाल पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्के असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ लिहितात. हर-टूला ० ते ३ प्लस असे गुण असतात, आणि २ प्लस आले की गुणसूत्र १७ वरच्या हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजायला फिश चाचणी करावी लागते. उंबरठा १ टक्क्याचा असताना अर्धा दिवस वाया गेलेली ऊती पॉझिटिव्हची निगेटिव्ह सहज होऊ शकते.

निगेटिव्ह लिहिले गेले तर काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी इथे लिहिते, कारण हे पत्र रुग्णांचे नातेवाईकही वाचतील. रिसेप्टर पॉझिटिव्ह असलेल्या बाईने पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतले तर या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. गोळी स्वस्त आहे, तालुक्याच्या औषधाच्या दुकानातही मिळते. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ असेल तर ती गोळी तिला कुणी लिहूनच देत नाही. आजार उलटला तर तो कर्करोगच तसला होता असे सगळ्यांना वाटते. चूक कुठे झाली हे तिला कधीच कळत नाही, तुम्हालाही नाही, आणि बहुतेक वेळा आम्हालाही नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांतात हे मोठ्या प्रमाणावर घडले आणि उघडकीला आले. १९९७ ते २००५ या काळात तिथे झालेल्या रिसेप्टर चाचण्यांपैकी एका रुग्णाची चाचणी २००५ मध्ये पुन्हा केली, तेव्हा निगेटिव्हचा निकाल पॉझिटिव्ह आला. मग जुने ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) पुन्हा तपासायला पाठवले. जवळपास चारशे रुग्णांचे निकाल चुकीचे ठरले. न्यायाधीश मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाने जाहीर चौकशी केली आणि २००९ मध्ये अहवाल दिला. प्रयोगशाळेच्या कामातल्या अनेक त्रुटी त्यात निघाल्या. ऊतीचे नीट फिक्सेशन (फॉर्मॅलिनने पक्के होणे) न होणे आणि स्लाइडवरच्या अंतर्गत नियंत्रणाकडे लक्ष न देणे या त्यांतल्या दोन. श्रीमंत देशातल्या, सरकारी खर्चाने चालणाऱ्या व्यवस्थेत हे आठ वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही. आपल्याकडे तर पुष्कळदा ब्लॉक एका शहरात, आयएचसी दुसऱ्या शहरात आणि रुग्ण तिसऱ्याच गावात असतो.

अंतर्गत नियंत्रण काय ते सांगते, कारण तुमच्या-आमच्यामध्ये तोच एक साक्षीदार असतो. गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिकांमध्ये काही पेशी इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या रंगाने हमखास रंगतात. त्या रंगल्या आणि गाठ रंगली नाही, तर निगेटिव्हवर विश्वास ठेवता येतो. दोन्ही कोरे दिसले तर त्या कापाने उत्तर दिलेले नाही. रिपोर्टवर निगेटिव्ह लिहिणे तेव्हा चुकीचे असते, ‘चाचणी ग्राह्य नाही, दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा करावी’ असे लिहावे लागते. असा रिपोर्ट आला म्हणजे लॅबने हात झटकले, असे कृपा करून समजू नका. आणि ज्या तुकड्यात निरोगी नलिकाच नाहीत, तिथे ही साक्षही मिळत नाही. तिथे आम्हाला तुमच्या फॉर्मवर लिहिलेल्या वेळेवरच भिस्त ठेवावी लागते.

म्हणून माझी पहिली विनंती अगदी छोटी आहे. रिक्विझिशन फॉर्मवर दोन वेळा लिहा : गाठ शरीरापासून वेगळी झाली ती वेळ, आणि ती फॉर्मॅलिनमध्ये पडली ती वेळ. सिस्टर स्वॉबची मोजणी लिहितात, टूर्निकेची वेळ लिहितात. त्याच वहीत या दोन ओळी मावतात. खरी वेळ लिहा. दोन तास झाले असतील तर दोन तास लिहा. मग निगेटिव्ह आलेला निकाल आम्ही सावधपणे वाचू, दुसरा ब्लॉक घेऊ, ट्रूकटचा (जाड सुईने आधी घेतलेल्या तुकड्याचा) जुना ब्लॉक असेल तर तो मागवू.

दुसरी विनंती गाठ कापण्याबद्दल. तुम्ही ती कापायला कचरता याचे कारण मला समजते. कडा आणि दिशा बिघडल्या तर आम्हीच तक्रार करतो. लॅब जवळ असेल तर काहीच न कापता स्पेसिमेन लगेच पाठवा, बाकीचे आम्ही करू. लॅब दुसऱ्या गावात असेल तर आधी टाके घाला, आखूड टाका वरच्या बाजूला, लांब टाका बाहेरच्या बाजूला, आणि फॉर्मवर तसे लिहा. मग मागच्या बाजूने, म्हणजे छातीच्या स्नायूकडच्या पृष्ठभागावरून, गाठीतून जाणारा एक सरळ छेद द्या, त्वचा अखंड राहू द्या, आणि छेदात फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेला गॉजचा तुकडा ठेवा. पहिल्यांदा करण्याआधी आपल्या पॅथॉलॉजिस्टला फोन करून त्यांची पद्धत विचारा. भांडे रुंद तोंडाचे हवे. फॉर्मॅलिन पीसच्या दहापट हवे, म्हणजे मोठ्या स्तनासाठी बादलीच लागते, आणि झाकणाची बादली बाजारात सहज मिळते.

फॉर्मॅलिन म्हणजे कोणते, हेही सांगायला हवे. कपाटातल्या कॅनमधले फॉर्मॅलिन ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचे असते. ते तसेच ओतले तर पीस बाहेरून कडक होतो आणि आत काही जात नाही. अंदाजाने नळाचे पाणी घालून पातळ केले तर द्रावण हळूहळू आंबते, फॉर्मिक आम्ल तयार होते, आणि स्लाइडवर तपकिरी-काळे कण दिसू लागतात. ते मलेरियाच्या रंगकणांसारखे दिसतात आणि नवशिक्याला फसवतात. नीट द्रावणासाठी १०० मिलिलीटर फॉर्मॅलिन, ९०० मिलिलीटर डिस्टिल्ड पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट लागते. तेवढेच. स्पिरिट मात्र नको.

त्याहून मोलाची गोष्ट अशी की स्तनाच्या गाठीची आधी ट्रूकट बायोप्सी करा. ‘गाठ काढून टाकू, मग बघू’ ही पद्धत आपल्या लहान गावांमध्ये अजून चालते आणि तिने बायकांचे फार नुकसान होते. काड्यापेटीच्या काडीइतका बारीक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये क्षणात पडतो, सगळीकडून सारखा फिक्स होतो, आणि रिसेप्टरचे उत्तर त्यावर जास्त विश्वासार्ह मिळते. शिवाय आधी केमोथेरपी द्यायची की आधी शस्त्रक्रिया, हेही तेव्हाच ठरवता येते. एक सावधगिरी : हा तुकडाही ६ तास फॉर्मॅलिनमध्ये राहायलाच हवा. लहान आहे म्हणून दोन तासांत प्रोसेसिंगला घालण्याची घाई आमच्या बाजूने होते, तीही चूकच.

आता जिथे फॉर्मॅलिनच घात करते, अशा काही जागा. मानेतली गाठ क्षयाची असावी अशी शंका असेल आणि ती सगळी फॉर्मॅलिनमध्ये टाकली, तर जंतू मरतात. आम्ही ग्रॅन्युलोमा (पेशींचे विशिष्ट पुंजके) पाहून क्षयाशी सुसंगत असे लिहितो, पण जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे कल्चरवरून, म्हणजे जंतू वाढवून, कळायचे, तो रस्ता बंद होतो. औषधांना न जुमानणारा क्षय आपल्या राज्यात किती छळतो हे तुम्ही रोज पाहता. गाठीचे दोन भाग करा : एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, सीबीनॅट (क्षयजंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी.

किडनीच्या बायोप्सीचेही तसेच. आयजीए नेफ्रोपॅथी (किडनीचा एक आजार) हे निदान इम्युनोफ्लुओरेसन्सच्या, म्हणजे चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडीच्या, आधारावर उभे आहे, आणि त्यासाठी एक तुकडा मिशेल माध्यमात (ऊती जपणाऱ्या खास द्रावणात) किंवा ताजा पोहोचायला हवा. पेम्फिगसच्या (त्वचेवर फोड आणणाऱ्या आजाराच्या) फोडाशेजारची त्वचाही अशीच पाठवायची. स्नायूंच्या आजारात आम्ही पेशींमधली जिवंत विकरे रंगवतो, एनएडीएच, एसडीएच, सीओएक्स, आणि त्यांना फॉर्मॅलिनचा स्पर्शही चालत नाही. तो तुकडा सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये, बर्फावर, काही तासांत केंद्रात पोहोचावा लागतो, आणि तिथे तो द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये गोठवतात. वॉर्डातल्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये ठेवला तर बर्फाचे स्फटिक स्नायूच्या तंतूंना भोके पाडतात, आणि चालता चालता पडणाऱ्या त्या लहान मुलाची बायोप्सी पुन्हा करायची वेळ येते. हर्शस्प्रंग आजाराच्या (आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः मज्जापेशी नसण्याच्या) संशयात गुदाशयाच्या तुकड्यावर मज्जातंतूंमधले विकर अॅसिटाइलकोलिनेस्टरेज पाहायचे असेल तर तोही ताजाच हवा. तशी सोय नसेल तर फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर कॅलरेटिनिन या प्रथिनाचे आयएचसी करता येते, फक्त तुकडा घेण्याआधी एक फोन करा.

फॉर्मवर दोन वाक्यांची हिस्टरी लिहा, ही विनंतीही जिव्हाळ्याची आहे. ‘त्वचेची बायोप्सी, कृपया रिपोर्ट द्या’ एवढेच लिहिलेले फॉर्म रोज येतात. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या रुग्णाच्या अंगावर बधिर चट्टा आहे, एवढे तीन शब्द असतील तर आम्ही फाइट-फाराको रंग लावतो. कुष्ठरोगाच्या जंतूचे मेणचट कवच नाजूक असते, ते झायलीनने (मेण विरघळवणाऱ्या रसायनाने) धुतले जाऊ नये म्हणून या पद्धतीत कापावरचे पॅराफिन (मेण) शेंगदाणा तेल मिसळलेल्या झायलीनने काढतात, आणि आम्लही सौम्य वापरतात. साध्या एच अँड ईवर तो जंतू दिसत नाही. कुष्ठरोगात मज्जातंतूंचे काय होते, हे मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांनी ऊतीचे असे काप पाहून पाहूनच उलगडले. टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेत त्यांनी घडवलेली माणसे पुढे देशभर गेली. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच विद्यार्थिनी. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवायचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी फार आधी मांडला. हे सगळे आपल्या राज्यात झाले, म्हणून परदेशातला नियम आपल्याकडे पाळता येणार नाही हे मला पटत नाही.

ज्यांना वाटते की यात खर्च वाढतो, त्यांनी एका बाटलीतल्या द्रावणाची किंमत आणि फसलेल्या आयएचसीच्या बिलाची किंमत शेजारी ठेवून पाहावी. ज्यांना वाटते की ओटीत हात कमी आहेत, त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच हे काम ठरावीक माणसाच्या नावावर असू द्या; सर्जनने आठवण ठेवावी आणि मामांनी बाटली शोधावी, अशा बेताने ते होत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी चेकलिस्ट वाचतात तेव्हाच ‘बाटली भरून तयार आहे का’ हा प्रश्न विचारला जावा.

आमच्याकडूनही तुम्हाला काही मागायचा हक्क आहे. रिपोर्टवर फिक्सेशनची वेळ आणि अंतर्गत नियंत्रण रंगले की नाही हे लिहिलेले नसेल तर लॅबला विचारा. हाडाचा तुकडा आम्लात विरघळवून त्यावर आयएचसी केली असेल तर तेही विचारा, कारण तिथे ईडीटीए (हाडातले कॅल्शियम हळुवार काढणारे रसायन) वापरायला हवे. ब्लॉक मागितला तर तो मिळायलाच हवा. तो रुग्णाचा आहे.

तुमच्या आयएमए शाखेच्या एखाद्या मासिक बैठकीत अर्धा तास द्या, मी सूरी, बादली आणि चांगल्या-वाईट स्लाइड घेऊन येईन. सिस्टर आणि मामा-मावशींना आवर्जून बोलवा, समोरच्या खुर्च्या त्यांच्यासाठी ठेवा. ज्या नर्सिंग होमला बफर्ड फॉर्मॅलिन बनवणे जमत नाही, त्यांनी आपल्या लॅबकडे भरलेल्या, तारखेचे लेबल लावलेल्या बाटल्या मागाव्यात. आम्ही त्या देतो, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक लॅब आनंदाने देतील. संपायच्या आधी सांगा, म्हणजे पुढच्या पार्सलबरोबर पाठवता येतील.

आपली,
जिल्ह्याच्या गावातली एक पॅथॉलॉजिस्ट